सुनेबरोबरचे शनिवार

ग्लासगो, २१ एप्रिल २०२४

मुनव्वर भो,

रामराम. तुला फोन लावायचा म्हणजे मी इकडून ओरडायचं आणि तू तिकडून 'हॅलो, कोण?' करत बसायचं. परवा तेच झालं. शेजारच्या गोऱ्या बाईने भिंत वाजवली. तुझे कान आता फोनच्या कामाचे राहिले नाहीत, तेव्हा लिहितो. काजल या कागदाचा फोटो काढून तुझ्या आकिबच्या फोनवर पाठवेल. त्याला सांग, मोठ्या अक्षरात छापून आण. तूही लिही, त्याचा फोटो त्याने काजलच्या फोनवर पाठवावा.

मी सुखरूप पोचलो. चंदन विमानतळावर आला होता. त्याचं काम समुद्रातल्या पवनचक्क्यांवर आहे, पंधरवडाभर समुद्रात आणि पंधरवडाभर घरी. मला घरी आणून टाकलं आणि चौथ्या दिवशी गेला. आता घरात मी, सून काजल आणि नात कानू. कानू सहा वर्षांची. श्रावणात कानबाई देवीच्या रोटांच्या दिवशी जन्मली म्हणून धनूने, तिच्या आजीने, तिला हे नाव दिलं होतं, ते इथेही चालू आहे.

काजल लहान मुलांच्या पाळणाघरात नोकरी करते. सोमवार ते शुक्रवार मी खिडकीत. शनिवार आला की मात्र सकाळीच माझा कोट खुर्चीवर काढून ठेवलेला असतो. "नाना, आपण आज जरा बाहेर जाऊ या का?" मला नाही म्हणता येत नाही. पाय दुखतात, थंडी हाडात शिरते, पण जातो. घरी बसायचं म्हटलं तरी ऐकत नाही.

काल वाहनांच्या म्युझियमला नेलं. नदीकाठी आहे, आत जायला तिकीट नाही. जुनी इंजिनं, ट्रामा, बग्ग्या. आणि तुझ्यासाठी सांगतो, घोड्याचा सगळा सरंजाम होता. इथले ओढीचे घोडे आपल्या सारंगखेड्याच्या जत्रेतल्यासारखे नाजूक नाहीत, हत्तीचे चुलतभाऊ. त्यांच्या गळ्यात घालायचं कातड्याचं जाड कडं असतं, आत पेंढा ठासलेला. शिवण मी वाकून पाहिली. तुझ्या हातची आठवली. पहारेकरी जवळ आला, मला वाटलं हाकलतो, तर त्याने दिवा जवळ धरला.

नंतर पंजाबी हॉटेलात जेवलो. रोटीबरोबर सुरी आणि काटा. मी इकडेतिकडे पाहिलं, सगळे सुरीने कापत होते. मी पण कापली. कानू हसली.

सून चांगली आहे रे. पण माझ्याशी शाळेतल्या मराठीत बोलते. "आपण चहा घेणार का? आपल्याला गार वाटतं का?" मामलेदार कचेरीत गेल्यासारखं वाटतं. मग मीही तसंच उत्तर देतो. बरेचदा तेही नाही. ती म्हणते, "कानू, आजोबांना विचार, भात वाढू का." मी म्हणतो, "कानू, आईला सांग, पुरे." धनू होती तेव्हा घरातलं बोलणं ती बघायची, मी नुसता हजर असायचो. आता माझ्या वाट्याला आलंय, आणि मला येत नाही.

भाभीला नमस्कार. माझ्या अंगणातल्या निंबाला कोणी पाणी घालतं का, ते बघ.

तुझा,
उखा

•

नंदुरबार, ३ मे २०२४

उखा,

तुझं खत वाचलं आणि डोकं फिरलं. सून तुला घरात बसू देत नाही हे सरळ दिसतंय. म्हातारा माणूस, गुडघे गेलेले, परका मुलूख, आणि दर शनिवारी कोट चढवून बाहेर काढायचं? हौस कुणाची? तिची! तुझ्या नावाने ती फिरून घेते. आणि घरात तुझ्याशी धड बोलत नाही, पोरीच्या मार्फत बोलते. मला काय समजत नाही का? तू कधी कुणाची तक्रार केली नाहीस आयुष्यात. शाळेत मी तुझी शाईची दौत सांडली तरी तू मास्तरांना सांगितलं नाहीस. तू 'पाय दुखतात' लिहितोस म्हणजे ते किती दुखत असतील हे मी जाणतो.

चंदनला सांग तिकीट अलीकडचं करायला. इथं ये. घर झाडून ठेवतो. निंबाला तुझा शेजारी छगन पाणी घालतो, मी दोनदा जाऊन पाहून आलो.

घोड्याच्या गळ्यातल्या त्या कड्याचं वाचून मात्र बरं वाटलं. शिवण आतून होती की बाहेरून? पेंढा भरल्यावर तोंड कसं बंद केलं होतं? पहारेकऱ्याला माझा सलाम. कारागिराच्या कामावर दिवा धरणारा माणूस भला असणार.

इथं ऊन इतकं आहे की कातडं हातात धरवत नाही. दुकान दुपारी बंद ठेवतो. जाहेदा म्हणते, खत पाठवण्याआधी तिला दाखवायला हवं. पण आकिब घाईत आहे, दाखवत नाही.

मुनव्वर

•

ग्लासगो, २६ मे २०२४

मुनव्वर,

हे पत्र मी पोस्टाने पाठवतोय. कोपऱ्यावर एका सरदारजीचं दुकान आहे, त्यातच पोस्टाची खिडकी. कानूला बरोबर नेलं, तिने तिकीट मागून घेतलं. किती दिवसांनी पोचेल कोण जाणे. पण यातला मजकूर सुनेच्या फोनवरून जायला नको.

तुझं पत्र काजलने मला फोनवर उघडून दिलं आणि स्वयंपाकघरात निघून गेली. मी वाचलं. तुझा राग माझ्यावरच्या मायेचा आहे, मला कळतं. पण उत्तर काय लिहावं सुचेना, म्हणून इतके दिवस गेले.

तर झालं असं. तुझ्या पत्राच्या आधीच्या शनिवारी आम्ही दुसऱ्या म्युझियमला गेलो होतो. लाल दगडाची मोठी इमारत, आत पेंढा भरलेला हत्ती, वर टांगलेलं विमान, आणि माडीवर भिंतभर नळ्यांचा एक बाजा. दुपारी एक माणूस येऊन तो वाजवतो. पेटी म्हण, पण देवळाएवढी. तो सुरू झाला आणि बाकाखालची फरशी थरथरली. मी डोळे मिटून बसलो. धनू गेल्यापासून छातीत जे गच्च बसलंय ना, ते त्या आवाजाने जरा हललं. मी कुणाला सांगितलं नाही. तुला सांगतोय.

तिथे आणखी एक पाहिलं. एक वयस्कर पहारेकरीण आली आणि तिने काजलला घट्ट मिठी मारली. कानूच्या डोक्यावरून हात फिरवला, काहीतरी बोलली, डोळे पुसले. माझ्याशी हात मिळवला. मला काही कळलं नाही. विचारायचं होतं, पण काजलचा चेहरा पाहून गप्प राहिलो.

येताना इटलीवाल्यांच्या हॉटेलात गेलो. मला टोमॅटोचं सार आलं, मोठ्या वाडग्यात, बरोबर उथळ चमचा. चमच्याने किती वेळ पुरवायचं? मी वाडगाच तोंडाला लावला. चांगलं होतं. समोरच्या टेबलावरची माणसं बघत होती.

आणि त्यानंतर शनिवार बंद. पुढच्या शनिवारी मी सकाळी दाढी करून बसलो, तर खुर्चीवर कोट नाही. "नाना, आपण आराम करा." त्याच्या पुढच्या शनिवारीही तेच. आवाज चढलेला नाही, वाढण्यात कमी नाही, पण माझ्याकडे बघत नाही. कानूला घेऊन बागेत जाते आणि तासाभरात परत येते. काल मी कोट स्वतः घातला, दारापर्यंत गेलो, आणि परत काढून ठेवला. तिने बोलावलं नाही तर आपण कसं जायचं?

त्या वाडग्यामुळे तिला खाली बघावं लागलं असेल. दुसरं कारण मला सापडत नाही. आठवडाभर दुसऱ्यांची पोरं सांभाळायची आणि सुटीच्या दिवशी सासरा सांभाळायचा, तीही थकली असेल. म्हणून मी चंदनला सप्टेंबरचं तिकीट जुलैचं करायला सांगितलंय. कारण तू म्हणतोस ते नाही, हे नीट ध्यानात घे. तिने मला कधी दुखवलं नाही. उलट मला शनिवारची सवय लागली होती, मुनव्वर. सोमवारपासून मी वाट बघायचो, आता कुठे नेते म्हणून. पाय दुखतात असं लिहिलं ते खरंच दुखतात म्हणून. त्यात तक्रार नव्हती. दुखऱ्या पायांनीही मी गेलो असतो.

उखा

•

नंदुरबार, १४ जून २०२४

बेटी काजल,

मी मुनव्वर, तुझ्या सासऱ्याचा शाळेतला दोस्त. तुझ्या लग्नात हळदीच्या दिवशी घोडीचा लगाम तुटला होता, तो मांडवात बसून शिवणारा म्हातारा मीच. हे खत तुझ्यासाठी आहे. उखाला दाखवायचं की नाही, ते तू ठरव.

परवा पोस्टमन उखाचं पाकीट देऊन गेला. परदेशी शिक्का पाहून गल्लीतली पोरं जमली. मी जाहेदाला वाचून दाखवलं. अर्ध्यावर आलो तोच ती म्हणाली, "थांबा. मागचं खत तुम्ही कोणाच्या फोनवर पाठवलं होतं?"

"काजलच्या."

"उघडून कोणी दिलं?"

"काजलने."

"आणि पहिल्याच ओळीत काय लिहिलं होतं तुम्ही?"

बेटी, मला तेव्हाच कळलं. फोनवर चिठ्ठी आली की वरच्या ओळी आपोआप दिसतात, आकिबने मला दाखवलं. तू कुणाचं खत चोरून वाचणारी मुलगी नाहीस. पण जे दिसलं ते तुझ्या डोळ्यांना दिसलं, आणि ते मी लिहिलं होतं. जाहेदा तेव्हापासून माझ्याशी कामापुरतंच बोलते, आणि तिचं बरोबर आहे.

मी चुकलो. उखा मोजकं लिहितो, आणि उरलेलं मी माझ्या मनाने भरलं. तो माझा दोस्त आहे, तो दूर गेला, मला करमत नाही, तो राग मी तुझ्यावर काढला. मला माफ कर.

त्याचं खत मी तुला पाठवत नाही, ते त्याने मला विश्वासाने लिहिलंय. पण त्यातल्या दोन गोष्टी तुझ्यापर्यंत आल्या नाहीत तर मी आणखी एक चूक करीन. एक, त्याला वाटतंय त्याने हॉटेलात वाडगा तोंडाला लावला म्हणून तू नाराज आहेस. दुसरी, तो सोमवारपासून शनिवारची वाट बघायचा. आता तो कोट घालून दारापर्यंत येतो आणि परत काढून ठेवतो.

बकरी ईद तोंडावर आलीय. त्या दिवशी नमाजानंतर तुझ्यासाठी दुआ मागेन. तुझी चाची तुला खूप खूप आशीर्वाद सांगते.

मुनव्वर

•

ग्लासगो, ७ जुलै २०२४

मुनव्वरचाचा,

तुम्हाला आणि जाहेदाचाचींना नमस्कार. तुमचं पत्र मी कामावरून येताना बसमध्ये वाचलं, आणि माझा स्टॉप निघून गेला. माफी कशाला मागता? तुम्ही नानांचे दोस्त आहात, त्यांच्या बाजूने उभे राहणारच.

हो, त्या वरच्या ओळी मला दिसल्या होत्या. खोटं कशाला सांगू, खूप लागलं. मला वाटलं नानांनीच तसं कळवलं असेल. ते आधीच माझ्याशी फार बोलत नाहीत. मनात म्हटलं, आपण त्यांना ओढत नेत होतो आणि ते बिचारे सोसत होते. म्हणून थांबवलं.

त्यांना मी का नेत होते, हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. यांनाही अर्धंच माहीत आहे. मी इथे आले तेव्हा कानू तीन महिन्यांची होती. हिवाळा होता, दुपारीच अंधार पडायचा. हे समुद्रावर, मला इथली बोली कळायची नाही, आणि मी दिवस दिवस पडदे ओढून बसायचे. जेवायची नाही. कानू रडली तर मीही तिच्याबरोबर रडायचे. माहेरी फोनवर 'मजेत आहे' म्हणायचे. एक दिवस घरातली शेगडी बंद पडली, तेव्हा फक्त ऊब मिळावी म्हणून मी बाबागाडी घेऊन त्या लाल म्युझियममध्ये शिरले. तिथे एक पहारेकरीण होती. तिने काही विचारलं नाही. एक खुर्ची आणून मोठ्या बाजाखाली ठेवली. कानू त्या आवाजात झोपली, आणि मला दुधाची बाटली गरम करून मिळाली. मग मी रोज जायला लागले. ती रोज खुर्ची ठेवायची. एक शब्द, दोन शब्द करत मी तिच्याकडून बोलायला शिकले. पुढे पाळणाघरातल्या नोकरीची माहितीही तिनेच आणून दिली. त्या बाईंचे उपकार मी कसे सांगू?

आई गेल्यावर नाना आमच्याकडे आले आणि पहिल्याच दिवशी खिडकीत जाऊन बसले. मला माझी ती खिडकी दिसली. मला दुसरा उपाय येत नाही, चाचा. मला ज्याने बरं वाटलं तिथे त्यांना घेऊन गेले.

आता काल काय झालं ते सांगते. तिकीट जुलैचं करायला त्यांनी सांगितल्याचं मला यांच्याकडून कळलं होतं. मी यांना म्हटलं, जरा थांबा. इथे एका जुन्या चर्चच्या तळघरात दुपारचं नाटक असतं, तिकिटातच खायला एक पाय मिळतो, म्हणजे मैद्याच्या वाटीत भरलेली भाजी. मी भाजीच्या पायची खात्री करून घेतली, आणि कानूला तिच्या मैत्रिणीच्या घरी ठेवायचं ठरवलं. सकाळी कोट खुर्चीवर ठेवला आणि म्हटलं, "नाना, नाटकाला येणार का?" ते आधीच दाढी करून बसले होते. उठलेच.

नाटक असं होतं, की दोन म्हातारे भाऊ एका घरात राहतात, वर्षानुवर्षं बोलत नाहीत, जे सांगायचं ते मांजराला सांगतात. इथली बोली नानांना कळायची नाही, म्हणून मी त्यांच्या कानात हळूच सांगायला लागले. नेहमीसारखं मराठीत. "ते म्हणत आहेत की, भावास सांग, चहा थंड होत आहे." एवढं म्हणेपर्यंत तिकडे पुढची चार वाक्यं होऊन जायची. माझी तारांबळ उडाली. आणि कधी जीभ घसरली मला कळलंच नाही. "तो मांजरले सांगी ऱ्हायना, मन्हा भाऊले सांग, चहा थंड हुई गया, पेना व्हई ते पे!"

नानांनी माझ्याकडे पाहिलं, आणि असे हसले की त्यांच्या हातातला पाय उडाला. अख्ख्या तळघराने वळून पाहिलं. मग मी थांबलेच नाही. समोर ते दोघे, आणि इकडे मी दोघांचं अहिराणीत बोलतेय, मांजराचंसुद्धा. नाना विचारत होते, "आते काय म्हने तो? आते काय म्हने?" पुढच्या रांगेतले लोक चुळबुळ करायला लागले. दरवाज्यावरचा मुलगा आमच्याकडे आला, मी आमचे कोट उचलायला लागले. तो वाकून म्हणाला, मागे कोपऱ्यात जागा रिकामी आहे, तिथे मोकळेपणाने बोला. आणि नानांना हात धरून घेऊन गेला. दुसरा पायही आणून दिला.

घरी येताना बसमध्ये नाना म्हणाले, "तुले अहिराणी इतली चांगली येस, ते मन्हासंगे काब्र बोलेत नव्हती?"

मी म्हटलं, "नाना, लग्न करून आली तव्हय मन्ही आईनी सांगेल व्हतं, सासराशी नीट शाळानी भाषामा बोलजो, मान ऱ्हास."

ते म्हणाले, "मी समजनू, तुले मन्हासंगे बोलानं जीववर येस."

चाचा, मग मी त्यांना सगळं सांगितलं. शेगडी, खुर्ची, दुधाची बाटली. इतकी वर्षं शाळेच्या भाषेत जे सांगता आलं नव्हतं, ते आमच्या बोलीत तीन स्टॉपमध्ये सांगून झालं. आमचा स्टॉप आला तरी नाना उठले नाहीत. म्हणाले, "ती बाई आज व्हई का तठे?"

आम्ही तसेच पुढे त्या म्युझियमला गेलो. बंद व्हायला थोडाच वेळ होता. ती होती. नाना तिच्यापुढे उभे राहिले, डोक्यावरची टोपी काढली, दोन्ही हात जोडले, आणि तिला अहिराणीतच सांगितलं, "बाई, मन्ही सून एकली व्हती, तू तिले बसाले जागा दिधी. तुन्हं भलं होवो." मी इंग्रजीत सांगायला लागले, पण मला रडू आलं, आणि सांगायची गरजही राहिली नव्हती. तिने नानांचे जोडलेले हात आपल्या हातात धरले.

तिकीट सप्टेंबरचंच ठेवलंय. यांना मी कळवलं आणि ते म्हणाले, मला आधीच माहीत होतं, नानांनी आज सकाळीच फोन केला होता.

तुमची,
काजल

•

ग्लासगो, १८ ऑगस्ट २०२४

मुनव्वर,

थोडक्यात लिहितो, बाहेर जायचंय. हो, फोटो काजलच काढणार आहे, आणि वाचून काढ म्हणून मीच सांगितलंय.

गेल्या रविवारी इथे कानबाई बसवली. नारळ मिळाला, कोरी साडी काजलची. पहारेकरीण बाई, सरदारजी, भिंत वाजवणारी शेजारीण, सगळे रोट खाऊन गेले. चंदनही घरी होता. शनिवारी आम्ही चौघे डोसेवाल्याकडे गेलो, तिथे मी सांबाराची वाटी तोंडाला लावली, आणि माझ्या आधी सुनेने लावली.

घोड्याच्या कड्याची शिवण आतून आहे. परत जाऊन पाहून आलो. तोंड तिरप्या टाक्यांनी बंद केलंय. नीट कळावं म्हणून कानूने काढलेलं चित्र सोबत आहे. त्यातला घोडा सशासारखा आला आहे, पण टाके बरोबर आहेत.

तुझ्यावर राग नाही. तू चुकीचं लिहिलंस म्हणून तर आमचं बोलणं निघालं. पण पुढच्या वेळी भाभीला दाखवून पाठव.

उखा

•

मु. पो. सारंगखेडा, २९ सप्टेंबर २०२४

बेटा काजल,

हे तुला माझं पहिलं पत्र. बोलायचं झालं की मी आपलीच भाषा बोलतो, पण कागद पुढे आला की हात शाळेतलं लिहितो, त्याला आता काही करता येत नाही. तू वाचताना मनात आपल्या बोलीत करून घे.

मी बरा आहे. कापूस वेचायला आलाय, आपला सालदार वीरसिंग बघतो. घर उघडलं तेव्हा आत धनूच्या साड्यांचा वास तसाच होता. पहिले दोन दिवस अवघड गेले. तिसऱ्या दिवशी शनिवार होता.

सकाळी मी दाढी केली. इथे उकाडा, कोट कसला घालणार? पांढरा सदरा घातला आणि नंदुरबारला मुनव्वरच्या दुकानावर जाऊन उभा राहिलो. म्हटलं, चल. तो म्हणाला, कुठे? मी म्हटलं, बाहेर. तो म्हणाला, कशाला? दुकान कोण बघेल, काम पडलंय. मी म्हटलं, तुला विचारलं नाही, भाभीला विचारतोय. भाभी आतून सगळं ऐकत होती. ती बुरखा घालून, पिशवी घेऊन त्याच्या आधी दारात आली. मग त्याला यावंच लागलं.

एस.टी.ने विसरवाडीला गेलो. तिथे म्युझियम नाही की नाटक नाही, हायवेवर ट्रकवाल्यांची हॉटेलं आहेत. त्यातलं स्वच्छ पाहून बसलो. शेवभाजी, बाजरीची भाकरी, कांदा. भाभी म्हणाली, लग्नाला इतकी वर्षं झाली, यांनी कधी हॉटेलात बसवलं नाही, चहासुद्धा बांधून आणायचे. मुनव्वर म्हणाला, तू कधी म्हटलं नाहीस. ती म्हणाली, तुम्ही कधी ऐकलं? आणि मग तिघेही हसलो, कारण त्याला ते खरंच ऐकू आलं नव्हतं, भाभीला तीनदा ओरडून सांगावं लागलं. सगळ्या ट्रकवाल्यांना कळलं.

जेवून आम्ही बाहेर बाजेवर बसलो. गाड्या येत होत्या, जात होत्या. मला तुझी आठवण आली. तू मला इतकं दाखवलंस, हत्ती, विमान, बाजा, नाटकातलं मांजर. पण मी खिडकीत बसलो होतो ते तुला दिसलं, आणि तू मला तिथून उठवलंस, हे मी जन्मभर विसरणार नाही. तुझी सासू असती तर तिने तुला जवळ घेतलं असतं. मला तसं जमत नाही. म्हणून लिहून ठेवतो. तू माझ्यावर फार माया केलीस, बेटा. मी तुझा ऋणी आहे.

चंदनला सांग, लांब समुद्रात जाताना कानटोपी घालत जा. कानूला पापा.

परत येताना एस.टी.त भाभी मागच्या सीटवरून मला हाका मारत होती. "उखाभाई, पुढला शनिवारले कोठे?"

मी म्हटलं, "माले काय म्हाईत? सूनले इचारसू."

तर लवकर कळव.

तुझे,
नाना